केटरचा दोलक आणि लंडनचे ९.८१

भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या शिक्षकांना केटरचा दोलक आठवत असेल. धातूची लांब पट्टी, तिच्यावर सरकवता येणारी वजने आणि दोन टोकांकडे बसवलेल्या दोन धारा. पट्टी आधी एका धारेवर टांगून आंदोलने मोजायची, मग उलटी करून दुसऱ्या धारेवर. दोन्ही वेळचे आवर्तकाल जवळजवळ सारखे येईपर्यंत वजने सरकवत राहायची आणि त्यांवरून गुरुत्वत्वरण काढायचे. प्रयोग चिकाटी पाहणारा आहे, थोडा कंटाळवाणाही आहे आणि नीट केला तर फार सुंदर आहे. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक जर्नलांत त्याचे उत्तर एकच असते: ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता हे उत्तर जरा तपासून पाहू. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, म्हणून गुरुत्वत्वरण सगळीकडे सारखे नसते. विषुववृत्तावर ते ९.७८० असते, ध्रुवांवर ९.८३२. उंचीवर गेले की किंचित कमी होते. माझे गाव कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. ते साधारण साडेएकोणीस उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून चारशे-साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तिथले गुरुत्वत्वरण ठरलेल्या सूत्राने काढले तर ९.७८५ च्या आसपास येते. पुण्या-मुंबईतही ते ९.७९ च्या पुढे जात नाही. मग ९.८१ कुठले? ते लंडनचे आहे. तिथली किंमत ९.८१२ आहे. ज्या मुलांनी परभणीच्या पलीकडचे जग पाहिलेले नाही, ती मुले दरवर्षी जर्नलात लंडनचे गुरुत्वत्वरण मोजून दाखवतात आणि त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळतात.

गंमत अशी की हेन्री केटर हा इंग्रज लष्करी अधिकारी तरुणपणी दक्षिण भारतात लॅम्ब्टनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम करून गेला होता. मायदेशी परतल्यावर १८१७-१८ च्या सुमारास त्याने हा उलटा करता येणारा दोलक तयार केला आणि लंडनमध्ये सेकंद-दोलकाची लांबी फार बारकाईने मोजली. अशा मोजणीला महत्त्व आले ते गुरुत्वत्वरण जागोजागी वेगळे असते म्हणूनच. फरक मोजता आला की पृथ्वीचा आकार कळतो. पुढे १८६५ पासून भारतातही ठिकठिकाणी दोलकाची निरीक्षणे झाली. कॅप्टन बसेव्ही हा अधिकारी १८७१ साली लडाखच्या उंचीवर हे काम करता करताच मरण पावला. ज्या फरकासाठी माणसे इतक्या लांब गेली, तो फरक आपण जर्नलात खोडरबराने पुसून टाकतो.

माझ्या चुलत भावाची मुलगी जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात बी.एस्सी.ला होती. तिचे जर्नल चाळताना मी विचारले, "धारांमधले अंतर कशाने मोजले गं?" ती म्हणाली, "काका, अंतर आधीच लिहिलेलं होतं. दोलक कपाटात आहे, सर म्हणाले नंतर दाखवू." वर्ष संपले, जर्नलावर सही-शिक्का झाला, प्रात्यक्षिकाची परीक्षा झाली, गुण मिळाले. दोलक बहुधा अजून कपाटातच असावा.

मला यातून मुलांच्या किंवा शिक्षकांच्या प्रामाणिकपणावर बोलायचे नाही. मुद्दा मोजण्याचा आहे. समजा दोलकाचा आवर्तकाल दोन सेकंद आहे आणि विद्यार्थ्याने वीस आंदोलने मोजली, म्हणजे चाळीस सेकंद. घड्याळ सुरू करताना आणि थांबवताना हाताची दिरंगाई मिळून ०.२ सेकंद धरली, तर आवर्तकालात अर्धा टक्का चूक होते. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात एक टक्का, म्हणजे सुमारे ०.१. याचा अर्थ वीस विद्यार्थ्यांनी खरोखर प्रयोग केला तर उत्तरे ९.७ पासून ९.९ पर्यंत पसरायला हवीत. वीसही जर्नलांत ९.८० ते ९.८२ आले, तर प्रयोग झालेला नाही हे सांगायला पर्यवेक्षक लागत नाही. आकडेच सांगतात. आणि शंभर आंदोलने धीराने मोजली, पट्टीचे अंतर मिलिमीटरपर्यंत नीट घेतले, झोका पाच अंशांच्या आत ठेवला, तर चूक पाचव्या हिश्श्यावर येते. मग ९.७९ आणि ९.८१ यांतला फरक जेमतेम का होईना दिसू लागतो. असे उत्तर काढणाऱ्या मुलाला आपल्या व्यवस्थेत "किंमत चुकली, पुन्हा करा" असा शेरा मिळण्याची शक्यता अधिक.

म्हणजे परीक्षेत गुण कशाला मिळाले? मोजण्याला नव्हे, ठरलेल्या उत्तराशी जुळण्याला. उच्च शिक्षणातल्या मूल्यमापनाचा सगळा प्रश्न मला या एका प्रयोगात दिसतो, आणि गेल्या पाऊणशे वर्षांत या प्रश्नावर जे काही झाले ते या प्रयोगाच्या कपाटापर्यंत पोहोचलेले नाही असे माझे मत आहे.

लंडनचा संबंध नुसता गुरुत्वत्वरणापुरता नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्यापुढे नमुना होता लंडन विद्यापीठाचा. ते त्या काळी शिकवणारे विद्यापीठ नव्हते, परीक्षा घेणारे होते. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. मुंबईची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. त्या वेळी विद्यार्थी मूठभर होते आणि ही वाटणी कदाचित चालून गेली. लंडनने आपली पद्धत पुढे पुष्कळ बदलली. आपल्याकडे मात्र शिकवणारा वेगळा, प्रश्न काढणारा वेगळा आणि तपासणारा तिसराच, ही रचना मुळात घट्ट बसली. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली मिळाले, तेही याच साच्याचे. शिकवणाऱ्याला काय विचारले जाईल हे माहीत नसते, विचारणाऱ्याला काय शिकवले गेले हे माहीत नसते. अशा वेळी दोघांमध्ये सुरक्षित पूल एकच उरतो: गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका. 'अपेक्षित प्रश्नसंच' विकणाऱ्या दुकानदाराला ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या आधी समजली.

हा दोष कुणाला दिसलाच नाही असे नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ सालीच लिहून ठेवले की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असेल. भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगाने १९६४-६६ मध्ये अंतर्गत मूल्यमापनाचा आग्रह धरला. १९७० च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रश्नपेढ्या, सत्र पद्धती आणि श्रेणी सुचवल्या. पुढे श्रेयांक पद्धती आली. २०१९ मध्ये अनुदान आयोगाने मूल्यमापनाच्या सुधारणांवर स्वतंत्र अहवाल काढला आणि गुणांचा संबंध 'अध्ययन निष्पत्ती'शी जोडायला सांगितले. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. हे अहवाल एकामागोमाग वाचले तर निदान सारखेच आढळते: पाठांतराला महत्त्व, आकलनाकडे दुर्लक्ष. मात्र प्रत्यक्ष महाविद्यालयात उतरताना दर वेळी एकच गोष्ट बदलली, ती म्हणजे गुणांची वाटणी. वार्षिकाचे सत्र झाले, शंभराचे ऐंशी-वीस झाले, कुठे साठ-चाळीस झाले, टक्क्यांचे श्रेयांक झाले. प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

त्या प्रश्नाकडे थोडे बारकाईने पाहू या. पदवीच्या भौतिक किंवा रसायनाची कोणतीही प्रश्नपत्रिका घ्या आणि फक्त क्रियापदे वाचा. व्याख्या लिहा. सिद्ध करा. व्युत्पत्ती द्या. आकृतीसह वर्णन करा. टीपा लिहा, कोणत्याही तीन. या प्रत्येक प्रश्नाचे पूर्ण उत्तर क्रमिक पुस्तकात सलग दीड ते दोन पानांत छापलेले असते. एखादे गणित असते, तेही पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणातले आकडे बदलून. "टीपा लिहा" या प्रकाराविषयी मला विशेष कुतूहल आहे. काय टिपायचे, कुणासाठी, किती, याचा काहीच खुलासा नसतो. तरी विद्यार्थी, प्राश्निक आणि परीक्षक या तिघांनाही नेमके कळते की पुस्तकातल्या त्या मथळ्याखालचा मजकूर आठवेल तेवढा लिहायचा आहे. इतका सर्वमान्य संकेत मला दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात आढळलेला नाही.

अलीकडे काही ठिकाणी प्रश्नापुढे एक नवा रकाना आला आहे. त्यात 'स्मरण', 'आकलन', 'उपयोजन' असे लिहायचे असते. ही विभागणी बेंजामिन ब्लूम यांची, १९५६ ची. ते १९५७ मध्ये भारतात येऊन आपल्या शालेय परीक्षा सुधारण्याच्या कामातही सहभागी झाले होते. विभागणी उपयोगाची आहे. पण "कार्नोचे इंजिन स्पष्ट करा" या प्रश्नापुढे 'आकलन' असा शिक्का मारल्याने त्या प्रश्नाला आकलन लागत नाही. उत्तर पाठ असले की झाले. एखादा प्रश्न आकलनाचा आहे की स्मरणाचा, हे क्रियापदावरून ठरत नाही. तो विद्यार्थ्याने आधी पाहिलेला आहे की नाही, यावरून ठरते. हे साधे तत्त्व त्या रकान्यात कुठेच बसत नाही.

तपासणीचे काय? इथे अनुभव फार जुना आहे. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी १९१३ साली भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली, तर गुण तिसाच्या खालपासून नव्वदीच्या वरपर्यंत पसरले. लोकांना वाटत होते की गणितात तरी असे होणार नाही. सर फिलिप हार्टोग, जे आधी ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते, त्यांनी आणि ऱ्होड्स यांनी १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या परीक्षांची अशीच झडती घेतली. तेच परीक्षक, त्याच इतिहासाच्या उत्तरपत्रिका, मधे काही महिन्यांचे अंतर. २१० निकालांपैकी ९२ निकाल दुसऱ्या वेळी बदलले. परीक्षक बेपर्वा नव्हते. 'चांगले उत्तर' म्हणजे काय हे आधी ठरलेले नव्हते, इतकेच. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये सतरा लाखांवर उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून जावे लागले. त्या काळात वर्तमानपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. पडदा, स्कॅनिंग, कंत्राट, उशीर, सगळ्यांवर झाली. त्या सतरा लाख उत्तरपत्रिकांत विचारले काय होते, याविषयी माझ्या वाचनात एक ओळही आली नाही.

मग वस्तुनिष्ठ प्रश्न विचारावेत, असा उपाय कुणी सुचवतो. तो प्रयोगही होऊन गेला. करोनाच्या साथीत राज्य सरकारला अंतिम वर्षाच्या परीक्षा नको होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी त्या घ्याव्याच लागतील असा निकाल दिला, आणि राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांनी त्या घाईघाईने बहुपर्यायी स्वरूपात, बव्हंशी मोबाईलवर घेतल्या. गावोगाव मुले शेताच्या बांधावर, घराच्या माळवदावर, जिथे रेंज मिळेल तिथे बसून पेपर देत होती. व्याख्येतला एक शब्द गाळून चार पर्याय दिलेले असले की तो प्रश्न स्मरणाचाच राहतो, फक्त उत्तर लिहिण्याऐवजी दाबायचे असते.

इथपर्यंत वाचून काही वाचक म्हणतील, परीक्षाच नको. हे म्हणणे मला मान्य नाही, आणि शहरातल्या मित्रांशी माझा यावर वाद होतो. कुंभार पिंपळगावसारख्या गावातल्या मुलीकडे शिफारस करणारा मामा नसतो, इंग्रजी बोलण्याची सफाई नसते, वडिलांच्या ओळखी बाजार समितीपर्यंतच्या असतात. विद्यापीठाची गुणपत्रिका हे तिच्याजवळचे एकमेव पत्र असते, जे अनोळखी माणसाला सांगते की हिला हा विषय येतो. पण या पत्रावर आता कुणी विश्वास ठेवत नाही. ८५ टक्के मिळवलेली मुलगी चांगल्या संस्थेत एम.एस्सी.ला अर्ज करते तेव्हा संस्था म्हणते, तुमचे टक्के ठेवा बाजूला, आमची प्रवेश परीक्षा द्या. आणि ती परीक्षा खरोखर वेगळे प्रश्न विचारते. मग शिकवणी शोधायला छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते. ज्याला खोलीभाडे आणि मेसचे पैसे परवडतात तो जातो. बाकीच्यांना तीन वर्षांनी पहिल्यांदाच कळते की आपल्याला विषय येत नव्हता. गुण स्वस्त झाले याचा तोटा सगळ्यांना सारखा होत नाही. ज्याच्याकडे गुणांशिवाय दुसरे काही नाही, त्याला तो सर्वांत जास्त होतो. आणि त्यांतलेच कितीतरी पदवीधर पुढे बी.एड. करून आपल्याच शाळांत विज्ञान शिकवतात, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

म्हणून हवी आहे ती चांगली परीक्षा, म्हणजे चांगला प्रश्न. एक नमुना देतो. उष्णतेच्या पेपरात नेहमी विचारतात: "सुप्त उष्णतेची व्याख्या लिहून ती काढण्याची रीत वर्णन करा." त्याऐवजी असे विचारू: एका माठात दहा लिटर पाणी आहे. उन्हाळ्यात ते ३५ अंश सेल्सिअसवरून २५ अंशांपर्यंत गार झाले. कमीत कमी किती पाणी बाष्प होऊन उडाले असेल? प्रत्यक्षात याहून जास्त उडाले असेल की कमी? जुना माठ नव्यासारखा गार का करत नाही?

पहिल्या भागाला पाच ओळी लागतात. दहा किलो पाणी दहा अंशांनी गार करायचे म्हणजे त्यातून १० × १० × ४.२, म्हणजे ४२० किलोज्यूल उष्णता काढायची. या तापमानाला एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात. भागाकार केला की ०.१७५ किलो, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम. पेलाभर पाणी. बहुतेक मुलांना हे उत्तर स्वतःचेच खरे वाटत नाही, इतके ते थोडे असते. कुणी पुस्तकातली १०० अंशांची सुप्त उष्णता, २२६० घेतली तर १८६ ग्रॅम येतील. तिला मी पूर्ण गुण देईन, आणि ही किंमत उकळत्या पाण्याची आहे असे कुणी बजावले तर एक गुण जास्त. दुसऱ्या भागात खरी परीक्षा आहे. माठ गार झाला की बाहेरची उष्णता सतत आत येत राहते, तीही बाष्पीभवनानेच बाहेर काढावी लागते. म्हणून प्रत्यक्षात याहून बरेच जास्त पाणी उडते, आणि म्हणूनच दमट दिवसांत माठ हार मानतो. तिसऱ्या भागाचे उत्तर आपल्या भागातल्या आजीलाही ठाऊक आहे: पाणी जड असले की क्षार बसून माठाची छिद्रे बुजतात, माठ पाझरत नाही. त्या मुलीने हे आजीकडून ऐकलेले असो की पुस्तकात वाचलेले, ते बाष्पीभवनाशी जोडून दाखवले की गुण द्यावेत.

या प्रश्नाला पुस्तक उघडे ठेवून बसवले तरी चालते, कारण उत्तर पुस्तकात नाही. आणि तपासणाऱ्यांमध्ये तफावतही कमी होते. कशाला गुण द्यायचे हे आधी ठरवता येते: उष्णतेचा ताळेबंद मांडला का, एकके जुळली का, 'कमीत कमी' या शब्दाचा अर्थ लागला का. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेतही असेच करता येईल. बाजारात माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारतो. तडा गेलेला माठ भद्द का वाजतो, हे मी बहिःस्थ परीक्षक म्हणून काही मुलांना विचारले आहे. ज्यांना अनुनादाची व्याख्या धाडधाड म्हणता येत होती त्यांतली बरीच गप्प झाली. ज्यांना ती नीट म्हणता आली नाही त्यांतल्या एकाने मात्र सांगितले की फटीच्या दोन कडा एकमेकींवर घासून कंपन लगेच मरते.

असे प्रश्न विचारून मोठ्या प्रमाणावर परीक्षा घेता येते का? येते. होशंगाबाद विज्ञान आपल्या वाचकांना नवे नाही. १९७२ पासून २००२ पर्यंत मध्य प्रदेशातल्या सरकारी माध्यमिक शाळांत पुस्तक उघडे ठेवून लेखी आणि हाताने प्रयोग करून प्रात्यक्षिक परीक्षा झाल्या. सरकारने कार्यक्रम बंद केला, तो परीक्षा अशक्य ठरली म्हणून नव्हे. पदवीच्या पातळीवरचे उदाहरण अमेरिकेतले आहे. ॲरिझोनातल्या हॅलून आणि हेस्टेनिस यांनी १९८५ च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या चुकीच्या उत्तरांचा अभ्यास केला आणि १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनेवर जवळपास तीस बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी तयार झाली. तिच्यात एकही सूत्र वापरावे लागत नाही. तिच्या धर्तीवरचा आपल्याकडचा प्रश्न असा होईल: उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आणि समोरून येणारी मोटारसायकल यांची टक्कर झाली, तर कोणी कोणावर जास्त बल लावले? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेली मुले बिनदिक्कत 'ट्रॉलीने' असे उत्तर देतात. इथे बहुपर्यायी प्रश्नही कामाचा ठरतो, कारण चुकीचे पर्याय मुलांच्याच तोंडातून उचललेले आहेत. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या ६५४२ विद्यार्थ्यांचे या जातीच्या चाचण्यांचे निकाल एकत्र केले. नुसत्या व्याख्यानाने शिकलेल्यांनी, जेवढी सुधारणा शक्य होती तिच्यापैकी सरासरी २३ टक्के केली. जिथे मुलांना आपसांत बोलून, करून पाहून शिकू दिले, तिथे ४८ टक्के. शिकवण्यातला हा फरक इतका स्पष्ट दिसला, कारण चाचणी तो दाखवू शकणारी होती. आपल्या प्रश्नपत्रिकांनी तो कधीच दिसला नसता.

अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, ते वीस असोत की चाळीस, खरे तर यासाठीच होते. तिथे शिकवणाराच विचारणारा असतो, लंडनची वाटणी तिथे लागू नाही. पण कोणत्याही महाविद्यालयातली अंतर्गत गुणांची यादी पाहा: वीसपैकी सतरा, अठरा, सतरा, एकोणीस, अठरा. केटरच्या दोलकासारखेच, सगळे एका किमतीभोवती. यात शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. तासिका तत्त्वावर नेमलेला प्राध्यापक, ज्याची पुढच्या वर्षीची नेमणूक संस्थाचालकाच्या हातात आहे आणि ज्याच्या वर्गातली पटसंख्या घटली तर तासिकाच उरणार नाही, तो एखाद्याला वीसपैकी सहा कसे देईल? ही जागा जोवर सुरक्षित होत नाही तोवर कितीही टक्के अंतर्गत केले तरी ते सतरा-अठराच राहतील. धोरणांच्या अहवालांत या बाबीला फार तर एखादा परिच्छेद मिळतो.

एक गोष्ट मात्र परवानगी न मागता आजही करता येण्यासारखी आहे. विद्यापीठांच्या परीक्षा विभागांत दर सत्राला लाखो उत्तरपत्रिका जमतात. गुण उतरवून झाले, मुदत संपली की त्या रद्दीत जातात. विद्यार्थी एखादी संकल्पना नेमकी कुठे चुकीची समजतात, याची एवढी मोठी नोंद दुसरीकडे कुठेच नाही आणि ती कुणी वाचत नाही. हॅलून-हेस्टेनिस यांची चाचणी अशाच चुकीच्या उत्तरांच्या वाचनातून जन्मली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिल्यापासून विद्यार्थ्याला माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, पण तो हक्क बहुधा गुण वाढवण्यापुरताच वापरला जातो. घनसावंगी, अंबड, परतूर या तीन तालुक्यांतले विज्ञानाचे प्राध्यापक आणि माध्यमिक शिक्षक मिळून दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस बसले, तर वरचा माठाचा प्रश्न पन्नास-साठ मुलांना घालून त्यांची उत्तरे एकत्र वाचता येतील. गुण द्यायची गरज नाही. कोणती चूक किती जणांनी केली, एवढेच मांडायचे. पुढच्या वर्षीचे चुकीचे पर्याय तिथेच मिळतील आणि त्या जिल्ह्याची स्वतःची प्रश्नपेढी सुरू होईल. नमुन्याचे आणखी आठ-दहा प्रश्न मी करून ठेवले आहेत. संपादकांकडे पत्र टाकल्यास ते पाठवता येतील.